बोल्ट गेला तरी चालेल, डबा राहिला पाहिजे

कोकणातल्या गॅरेजचे हंगाम दोन. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीला पळणाऱ्या पिकअप बंद पडतात. त्या कशातरी चालू करून रातोरात रस्त्याला लावायच्या. मग १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मासळीच्या पिकअप निवांत उघडायच्या. या दुसऱ्या हंगामात इंजिनाचा ईसीएम (इंजिन सांभाळणारा संगणक), म्हणजे आमच्या बोलीत ‘डबा’, काढायची वेळ हमखास येते. मासळीच्या गाडीतला डबा सरळ निघाला असं फार क्वचित होतं. मी वायरमन; माझ्या हातात पान्यापेक्षा मीटर जास्त. पण अडकलेल्या डब्यांपायी पानाही धरावा लागला. यंदा एका मासळीवाल्या मावशींच्या गाडीत सगळी दुखणी एकाच डब्याभोवती जमली होती, म्हणून तिच्याच निमित्ताने लिहितो.

१. आधी विचारायचं: काढायचाच आहे का?

स्टार्टर फिरतो पण इंजिन उचलत नाही, स्कॅनर लागत नाही, की निकाल तयार: “डबा गेला.” असा निकाल लागून माझ्याकडे आलेल्या गाड्यांत डबा खरोखर गेलेला फार थोड्या वेळा निघतो. बहुतेकदा मेन रिले, त्याचा फ्यूज किंवा बॉडीला लावलेली अर्थची वायर यांतलं काहीतरी गंजाने खाल्लेलं असतं. अर्थ तपासायला मीटर ओहमवर लावू नये. वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी मीटर छान शून्य दाखवतो आणि आपण फसतो. चावी चालू ठेवून डब्याच्या अर्थच्या पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत व्होल्ट मोजायचे. ०.१ च्या आत असतील तर ठीक. वर गेले की त्या वायरीच्या मागे लागायचं.

दुसरा चोर ५ व्होल्टच्या लाइनीत लपतो. बऱ्याच सेन्सरना डबा स्वतः ५ व्होल्ट पुरवतो. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला की ती लाइन खाली बसते आणि इंजिन रुसतं. एकेका सेन्सरचा कपलर काढत गेलं की कुठेतरी ५ व्होल्ट परत येतात, आणि डबा निर्दोष सुटतो. स्कॅनरच लागत नसेल तर बॅटरी सोडून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजायचे. त्या दोन वायरींच्या टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, म्हणून मीटरवर ६० दिसायला हवेत. १२० दिसले तर एक बाजू तुटली आहे. शून्याजवळ दिसले तर दोन्ही वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. ही सगळी तपासणी चहा थंड व्हायच्या आत होते. तरी लोक आधी डब्यालाच हात घालतात. का, ते मला अजून उमगलेलं नाही.

मावशींच्या गाडीचं इंजिन उत्तम होतं. सडला होता तो केबिनचा पाय ठेवायचा पत्रा. त्यातून खालचा रस्ता दिसायचा. वेल्डिंग करायचं म्हणजे शंभराच्या वर अँपिअर बॉडीतून फिरवायचे, आणि त्या करंटला परतीची जी वाट सोपी वाटेल ती तो धरतो. बॅटरीच्या दोन्ही तारा आणि डब्याचे कपलर काढले, वेल्डिंगची अर्थ कामाच्या अगदी जवळ पकडली, तर एरवी डबा जागेवर ठेवूनही काम भागतं. मी तेवढ्यावरच सोडणार होतो. पण सड पत्र्यावरून वर चढत फायरवॉलपर्यंत गेलेली, नेमकी डब्याच्या पाठीमागे. तिथे वेल्डिंगची ठिणगी पडणार म्हटल्यावर डबा बाहेर काढण्याला पर्याय नव्हता.

२. चावी बंद केल्या केल्या बॅटरीला हात नाही

चावी फिरवून बंद केली तरी डबा लगेच झोपत नाही. मेन रिले काही वेळ धरून ठेवून तो शिकलेले आकडे आतल्या मेमरीत लिहून घेतो. तेवढ्यात तार ओढली तर ते लिखाण अर्धवट राहतं, आणि नंतर गाडी विनाकारण कुरकुरते. शिवाय इंजेक्टर उघडायला डबा आत १२ व्होल्टचे कितीतरी जास्त व्होल्ट करून साठवतो. तेही उतरू द्यावेत. दोन-चार मिनिटं थांबायचं, मग आधी मायनस काढायची, नंतर प्लस.

त्याच्याही आधी स्कॅनर लावून सगळे फॉल्ट आणि इंजेक्टरचे कोड वहीत उतरवायचे. कॉमन रेलच्या डिझेल गाडीत बहुतेक ठिकाणी प्रत्येक इंजेक्टरचा स्वतःचा कोड असतो आणि तो डब्यात भरलेला असतो. पुढेमागे दुसरा डबा बसवायची पाळी आली तर हेच कोड लागतात. आमचा पोरगा मोबाइलवर फोटो काढतो, मी वहीत लिहितो. फोटो सापडत नाहीत, वही सापडते.

३. डबा कशाकशाने धरलाय ते आधी पाहायचं

या गाडीत डबा बॉनेटखाली, बॅटरीच्या मागे, लोखंडी ब्रॅकेटवर होता. डब्याच्या ॲल्युमिनियमच्या चार कानांतून चार बोल्ट जाऊन ब्रॅकेटला वेल्ड केलेल्या नटांत बसतात. ६ एमएमचे बोल्ट, दहाचा पाना. ब्रॅकेट फायरवॉलला तेराच्या पान्याच्या बोल्टांनी बसवलेलं. वरून पाहिलं तर तीनच बोल्ट दिसतात. चौथा पाठीमागच्या कोपऱ्यात. मोबाइलचा कॅमेरा चालू करून हात आत घातला तेव्हा तो दिसला, आणि त्याच्यावर फासलेला एम-सीलचा गोळाही दिसला. डबा खडखडतो म्हणून कुणीतरी कधीतरी बसवला असणार. हा बोल्ट न पाहता कुणी डबा उचकटायला गेला असता तर कान तुटून हातात आला असता.

४. कपलरजवळ पेचकस न्यायचा नाही

डबा अडकला म्हटलं की सगळे बोल्टाकडे धावतात. माझ्या मते खरी अवघड जागा कपलरची. एका मोठ्या जातीच्या डब्यांना दोन कपलर येतात, एक ९४ पिनांचा आणि दुसरा ६० पिनांचा. दोन्हींना प्लॅस्टिकचं लिव्हर असतं. ते उचललं की कपलर आपोआप बाहेर सरकतो. लिव्हराच्या खाचेत बारीक वाळू, मीठ आणि इंजिनाचं तेल बसून त्याचा घट्ट लेप होतो, आणि लिव्हर अर्ध्यावर थांबतं. अशा वेळी पोरांचा हात पेचकसाकडे जातो. पेचकसाने लिव्हर तुटतं, किंवा कपलर एका बाजूने उचलला जाऊन आतल्या पिना वाकतात. लिव्हर सुटं मिळत नाही; बऱ्याचदा अख्ख्या वायरिंगचीच बात निघते.

आम्ही काय केलं ते सांगतो. आधी जुन्या टूथब्रशने खाचा कोरड्याच साफ केल्या, मग कॉन्टॅक्ट क्लीनर मारून परत ब्रश फिरवला. थिनर आणि ॲसिटोन तिथे आणायचेच नाहीत. प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि रबराचं सील फुगतं. मग लिव्हर वर न ओढता, जेवढं हलतं तेवढंच मागे-पुढे करत राहिलो. आणि एक युक्ती: लिव्हर उचलताना दुसऱ्या हाताच्या तळव्याने कपलर डब्याकडे आत दाबायचा. ऐकायला उलटं वाटतं. पण आतलं रबरी सील चिकटलेलं असतं आणि त्याची सगळी ओढ लिव्हराच्या दातांवर येते. आत दाबलं की दात मोकळे होतात. मोठा कपलर असा निघाला. छोट्याला संध्याकाळ झाली.

निघाल्यावर मीटर बाजूला ठेवून भिंग घ्यायचं. दोन पिनांच्या बुडाशी हिरवट पूड होती, म्हणजे तांबं खाल्लं जाऊ लागलं होतं. पाणी कपलरच्या तोंडातून आलेलं नव्हतं. वायरीच्या आतून, तारांच्या फटींतून झिरपत आलं होतं. वरच्या बाजूला एक वायर सोलून कुणीतरी हॉर्नची जोडणी केलेली होती. डब्याच्या आणि कपलरच्या तोंडांना प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून रबर लावले आणि त्या दिवसाचं काम थांबवलं.

५. बोल्ट गंजाने नाही, पांढऱ्या पुडीने धरलेला असतो

बोल्टाच्या डोक्याभोवती तांबूस गंज दिसतो म्हणून आपण गंजाशी लढतो. पण ॲल्युमिनियमच्या कानात पोलादी बोल्ट, मध्ये खारं पाणी, अशी तिघं जमली की ती बॅटरीच झाली. त्या बॅटरीत झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी पूड होते, पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते, आणि भोकात बोल्टाला चारी बाजूंनी आवळते. पावसाळ्यात दार चौकटीत फुगून बसतं तसंच. शेजारची बॅटरी गळकी असेल तर तिच्या ॲसिडाची वाफ या कामाला हातभार लावते.

म्हणून मासळीची पिकअप आणि विटांची पिकअप यांत फरक. बर्फ वितळलेलं खारट पाणी, ओल्या वाळूपर्यंत नेलेली चाकं, आणि वर प्रेशरने इंजिन धुवायची हौस. विटांच्या गाडीचा डबा धुळीने माखलेला असतो, पण पाना लावला की बोल्ट निघतो.

६. तेल घाला आणि घरी जा

गंज सोडवणारं कुठलंही तेल ही पांढरी पूड विरघळवत नाही. ते फक्त फटींतून आत शिरतं, आणि शिरायला त्याला वेळ लागतो. सकाळी तेल, दुपारी पाना, हा घाईचा धंदा. संध्याकाळी तेल घालावं, रात्री पुन्हा थोडं, आणि पाना दुसऱ्या दिवशी. डबाभर फवारा मारायचा नाही. बऱ्याच डब्यांना हवा आत-बाहेर जायला एक छोटं भोक असतं, त्यावर बारीक पडदा असतो, आणि तो तेलाने बुजला की डबा आतून घामेजतो. इंजेक्शनच्या सिरिंजने थेंब-थेंब सोडावं. डब्ल्यूडी-फॉर्टी बाटलीभर ओतणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की ते १९५३ साली अमेरिकेत रॉकेटच्या पत्र्यावरचं पाणी हटवायला बनलं होतं. पाणी हटवायला ते छान, जॅम बोल्टासाठी त्याहून भेदक तेलं मिळतात. आमचे जुने मिस्त्री डिझेलमध्ये ब्रेक ऑइल घालायचे. त्यांचं डिझेल आत जायचं, पण ब्रेक ऑइल रंग आणि प्लॅस्टिक दोन्ही खातं, म्हणून डब्याच्या आसपास ते नको.

दुसऱ्या दिवशी पाना लावल्यावर आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं. कडक्‌ असा बारीक आवाज आला की पूड फुटली. तीनपैकी दोन बोल्ट असेच सुटले.

७. आग नको, सोल्डरिंगची इस्त्री चालेल

वेल्डर शेजारीच उभा होता. त्याचं म्हणणं, “गॅस मारतो, लगेच निघेल.” निघालं असतं, आणि डबाही गेला असता. आतल्या सर्किटवरचं शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं, हल्लीचं बिनशिशाचं २१७ च्या आसपास. त्याच्या कितीतरी आधी आतले कपॅसिटर दम सोडतात.

पण थोडी ऊब फायद्याची असते, कारण ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळपास दुप्पट पसरतं. कानातलं भोक बोल्टापेक्षा जास्त मोठं होतं. म्हणून जाड टोकाची सोल्डरिंगची इस्त्री बोल्टाच्या डोक्यावर टेकवून धरायची. शेजारचा कान हाताला चटका बसेल इतपत तापला की थांबायचं. तिसरा बोल्ट असा सुटला. इस्त्री धरून उभं राहणं फार कंटाळवाणं असतं, पण पोरांना ते काम द्यावं. हात स्थिर होतो.

८. बारा कोनांची गोटी पेटीतच ठेवा

पान्याची गोटी, म्हणजे सॉकेट, सहा कोनांचीच घ्या. बारा कोनांची गोटी गंजलेल्या डोक्याचे कोपरे गोल करून टाकते. इम्पॅक्ट गन नको, हातोडीही नको.

९. डब्यापासून बोल्ट सुटत नसेल तर ब्रॅकेटच उचला

चौथा बोल्ट राहिला. एम-सील, गोल झालेलं डोकं, आणि हात आत जायला जागा नाही. मावशी रोज सकाळी बाजार आटोपून यायच्या, गाडीकडे न बघता थेट डब्याकडे बघायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, “काय रे बाबू, अजून तोच बोल्ट?”

मी म्हटलं, “मावशी, जोर लावला तर डब्याचा कान तुटेल, म्हणून थांबलोय.”

“बोल्ट केवढ्याचा?”

“दहा-वीस रुपयांत चारही येतील.”

“आणि तो पत्र्याचा स्टँड?”

“पट्टी कापून वेल्डरच बनवून देईल. दोनशे-तीनशेत.”

“आणि डबा?”

“नवीन घेतला तर पाच आकडी, वर चावी जुळवायचा खर्च वेगळा.”

“मग तो बोल्ट आणि तो स्टँड माझे गेले असं समज. डब्याला नख लागता कामा नये.” आणि पाटी उचलून निघाल्या.

हा हिशोब गाडीवाल्याकडून आधी वदवून घ्यावा, हे मी पूर्वीपासून करत आलोय, पण इतका नेमका कुणी मांडून दिला नव्हता. एकदा मालकाने बोल्टावर आणि ब्रॅकेटवर पाणी सोडलं की काम सोपं होतं. ब्रॅकेटचे तेराचे बोल्ट जाडही होते आणि फायरवॉलच्या दुसऱ्या बाजूने सापडतही होते. ते काढले आणि डबा ब्रॅकेटसकट बाहेर आला. अडकलेली वस्तू अंधाऱ्या कोपऱ्यातून उजेडात, टेबलावर आली की अर्धी सुटलीच म्हणायची.

टेबलावर आधी एम-सील हेअर ड्रायरने ऊन केलं. कडक झालेलं एम-सील उबेने नरमतं, मग सुरीच्या टोकाने तुकड्या-तुकड्यांनी निघतं. वेल्डरने ग्राइंडर पुढे केला, तो परत दिला. ग्राइंडरची थरथर आणि लोखंडाची बारीक पूड, दोन्ही डब्याचे शत्रू. कपलरची तोंडं टेपने बंद करून, कानस घेऊन, बोल्टाचं डोकं हाताने घासत बसलो. ६ एमएमच्या बोल्टाचं डोकं ते केवढं. पण कानशीने घासायला घेतलं की ते पुष्कळ वाटतं. शेवटी डोक्याची चकती वॉशरसारखी सुटून टेबलावर पडली.

आता बोल्टाची नुसती दांडी कानात राहिली. बाकीचे तीन बोल्ट निघालेले असल्याने डबा त्या एका दांडीभोवती फिरू शकत होता. दोन थेंब तेल, इस्त्रीची ऊब, आणि मग डबा दोन्ही हातांत धरून दांडीभोवती किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे. सुरुवातीला फिरला का नाही हेही कळत नव्हतं. मग भोकाच्या कडेने तेलात कालवलेली पांढरी पूड बाहेर यायला लागली. ती पुसायची, परत थेंब, परत फिरवायचा. वर ओढायचा मोह होतो, तो आवरायचा. पूड संपली तसा डबा आपणच दांडीवरून वर आला. चारही कान शाबूत.

१०. भंगारातला डबा स्वस्त नसतो

“एवढी मेहनत कशाला, बाजारात जुना मिळतो की,” असं सांगणारे भेटतात. जुना डबा मिळतो. पण त्याचा पार्ट नंबर जुळला पाहिजे, त्यातलं सॉफ्टवेअर तुमच्या इंजिनाचं पाहिजे, आणि गाडीला इमोबिलायझर असेल तर चावीशी ओळख करून द्यावी लागते. नाहीतर स्टार्टर फिरत राहतो आणि इंजिन उचलत नाही. शिवाय तो डबा भंगारात का आला, हे विकणारा सांगत नाही.

११. बसवताना स्टेनलेसचा आग्रह ऐकू नका

पत्रा झाला, रंग झाला, नवीन ब्रॅकेट झालं. मावशींच्या मुलाने हौसेने चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट आणले, पुन्हा गंजायला नकोत म्हणून. बोल्ट गंजणार नाही हे खरं. पण स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम यांच्यात खारं पाणी शिरलं की ॲल्युमिनियमची झीज थांबत नाही, आणि कान डब्याचे आहेत. मी साधे जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट वापरले, दांडीला जॅम न होण्याचं ग्रीस, डोक्याखाली आणि कानाखाली नायलॉनचे वॉशर. त्याआधी मीटर लावून पाहिलं की या डब्याची अर्थ कपलरच्या पिनांतूनच आहे. जो डबा बॉडीतून अर्थ घेतो त्याला नायलॉन घातलं तर गाडी चालू होणार नाही. घट्ट किती करायचं? ८ ते १० न्यूटन-मीटर. टॉर्कचा पाना नसेल तर छोटं रॅचेट मुळाशी धरून नुसत्या मनगटाने. लांब दांडा लावून आवळणाऱ्याला पुढच्या वेळी तोच बोल्ट सोडायला लावावा.

हिरवट पिना साफ केल्या, हॉर्नची सोललेली वायर नीट जोडून बंद केली. कपलरच्या सीलला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं. वायरिंगला कपलरच्या खाली एक झोल ठेवला, म्हणजे वरून ओघळलेलं पाणी झोलाच्या तळाशी गळून पडतं, कपलरपर्यंत चढत नाही. मग बॅटरी जोडली, चावी फक्त चालू केली, स्कॅनरने फॉल्ट पाहिले, पुसले, आणि त्यानंतर स्टार्टर मारला.

१२. धुणाऱ्याला सांगून ठेवा

ज्या वॉशिंग सेंटरला गाडी जाते तिथल्या पोराला बोलावून डबा दाखवला आणि इथे प्रेशर मारायचा नाही असं सांगितलं. तरी विसरेल म्हणून बॉनेटच्या आतल्या बाजूला पिवळ्या ऑइल पेंटने लिहिलं: ‘येथे पाणी मारू नये.’ मावशींनी ते वाचलं आणि विचारलं, “आणि पुढच्या वर्षी ब्रॅकेटचे पैसे परत घेणार का?” मी म्हटलं, “नाही, पण हॉर्नची वायर पुन्हा कुणी सोलली तर घेईन.”